निळूभाऊची नुसती फेरी

अस्थी घेऊन आलेल्या माणसांपुढे बाजा वाजवून नाचाचं गाणं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो गोरा होता, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच होता, आणि आपण पाहुण्यांचं फार मोठं आदरातिथ्य करतो आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याचं खरं नाव नील्स. मार्कंड्याच्या घाटावर ते कोणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून तो निळूभाऊ झाला. देश नॉर्वे. हा देश कुठे आहे ते त्याने मला रेतीवर काडीने काढून दाखवलं होतं; पण त्या नकाशात मार्कंडा दिल्लीपेक्षा मोठा होता, त्यामुळे मी फारसा विश्वास ठेवला नाही. आलापल्लीच्या जंगलात सागवान घेणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा माणूस म्हणून तो आला होता. स्वातंत्र्यानंतर कंपनीने गाशा गुंडाळला, बाकीचे साहेब गेले आणि हा बाबा वैनगंगेच्या काठाशी येऊन बसला. घाटावर माझं नारळ-फुलांचं दुकान. म्हणजे मी आधीपासून बसलेलाच होतो, देवाने डोक्याला ताप म्हणून याला शेजारी धाडला.

त्याचं खूळ असं. तरुणपणी तो कुठल्याशा उष्ण समुद्रातल्या बेटावर राहिला होता. तिथे त्याच्या मुलखातली माणसं होड्या भाड्याने देत आणि ताडपत्रांच्या झोपड्या बांधून पाहुणे ठेवत. पाहुणे लांबून येत, होडीत बसत, पाण्याकडे बघत आणि खूश होऊन जात.

"अन् काम काय असे त्यायचं?" मी विचारलं.

"काईच नाई. नुसतं फिरून राह्यले." लाकूडतोड्यांकडून शिकलेली त्याची झाडीबोली माझ्यापेक्षा अस्सल होती. "मानूस पान्यावर गेला का हलका होते, भाऊ. तुमच्या लोकायले हे कोनी सांगतलंच नाई."

ते सांगायची जबाबदारी याने घेतली. घाटासमोर नदीत रेतीचं एक बेट होतं. पावसाळ्यात ते बुडायचं आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा डोकं वर काढायचं. तिथे त्याने बांबूच्या तीन झोपड्या उभ्या केल्या, प्रत्येकीला पाण्याकडे एक खिडकी. पावसाळ्याच्या तोंडावर त्या सोडवून काठावर आणायच्या आणि दिवाळीनंतर पुन्हा बांधायच्या. शिवाय एक रुंद होडी बांधली, पांढरी, निळ्या काठाची. वर कापडी छत, आत टेकून बसायची बाकं. आमचे ढिवर लाकूड कोरून केलेल्या डोंग्यातून माणसं पलीकडे पोचवत. त्यांतल्या एकाने ही होडी सगळीकडून पाहिली आणि विचारलं, "याच्यात वरात नेतेत का जी?"

गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हा आमचं राज्य नागपूरहून चालायचं, तिथले दोन वकील एकदा आले. आल्या आल्या त्यांनी होडीतून वाघ दिसतो का ते विचारलं. निळूभाऊ भडकला. "वाघाचं काय पाहून राह्यले? पानी पाहा!" वकिलांनी भिडेखातर थोडा वेळ पाणी पाहिलं आणि वाघ बघायला आलापल्लीकडे निघून गेले. महाशिवरात्रीच्या जत्रेला झोपड्या भरल्या खऱ्या, पण लोकांनी आत गाठोडी आणि शेळ्या ठेवल्या आणि स्वतः रेतीवर पथाऱ्या टाकल्या. एक शेळी मात्र दिवसभर खिडकीतून पाण्याकडे बघत उभी होती. त्या जत्रेत त्याला तेवढंच समाधान मिळालं.

आमच्याकडे होडी ही पलीकडे जायची वस्तू. पलीकडे काम नसेल तर तीत कोण कशाला बसेल? नदीच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरणारी माणसं आमच्या घाटावर एकाच जातीची, अस्थी नदीत शिरवायला आलेली. त्यांना ही होडी फार सोयीची वाटली. सगळं घर मावायचं आणि कलंडायची भीती नाही. तेव्हा ती याच्याकडे येऊ लागली, आणि निळूभाऊला आकाश ठेंगणं झालं. आले! फिरायला आले!

बरं, ओळखावं तरी कशावरून? लाल फडक्यात बांधलेलं गाडगं त्याला शिदोरी वाटायचं. मुलांची भादरलेली डोकी पाहून उन्हाची सोय केली असेल असं वाटायचं. भटजींचे विधी काठावरच उरकलेले असत, त्यामुळे होडीत मंत्रतंत्र काही नाही. होडी मध्यावर आली की हा सगळ्यांना चहा देई, बिस्किटं देई. मग गळ्यात अडकवायचा भात्याचा बाजा काढून आपल्या गावच्या नाचाचं गाणं पाय आपटत म्हणे. मंडळी हात जोडून ऐकत. साहेबाच्या भाषेतला मंत्र असेल, असं धरून चालत. गाडगं पाण्यात सोडलं की याला वाटे, नदीला नैवेद्य दिला. मग हाही टोपी काढून एक बिस्किट पाण्यात सोडी. ते पाहून लोकांचे डोळे भरून येत.

हळूहळू बोलबाला झाला. तेरवीला नातेवाईक विचारू लागले, "साहेबाचा बाजा झाला का?" पार वडशाकडून माणसं यायला लागली. काठावर उतरवून देताना निळूभाऊचं एक ठरलेलं वाक्य असे: "लवकर परत येजा! घरातलं अजून कोनी राह्यलं असन तं त्यालेही आनजा!"

एक म्हातारा ते ऐकून मटकन खालीच बसला. त्याचे चिरंजीव मात्र विचारात पडलेले दिसले.

त्याला काही कळलेलं नाही हे कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. गोऱ्या लोकांत मरणाचं असंच करत असतील, आपल्याला काय करायचं, असं म्हणून मी नारळ विकत राहिलो.

मग एका सकाळी तो एक फळी आणि निळा रंग घेऊन दुकानात आला. "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. याच्यावर ल्याहून द्या." काय लिहायचं? तर तेच वाक्य. घरातलं अजून कोणी राहिलं असेल तर आणा. पाटी घाटावर लावायची होती.

माझं डोकंच फिरलं. "निळूभाऊ, लाज हाय का तुमाले? लोक अस्थी घेऊन येऊन राह्यले, अन् तुमी पाटी लावता?"

"अस्थी म्हंजे काय जी?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थट्टा नव्हती. मग सांगितलं. माणूस जाळल्यावर हाडं उरतात, ती गाडग्यात असतात, ती नदीत सोडायला हे लोक येतात.

तो आधीच गोरा. आणखी पांढरा पडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, "त्या गाडग्यात? सगळ्यायच्याच?"

"सगळ्यायच्याच."

"फिराले एकही नाई आला?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण जीभ वळली नाही. "नाई," मी म्हणालो. तो फळी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी होडी रेतीवर पालथी पडलेली. गाडगी घेऊन माणसं आली, हातापाया पडली. याने सगळ्यांना ढिवरांकडे धाडलं. झोपड्या सोडवल्या, बांबू वाटून टाकले. होडी ढिवरांना देऊन आपण मायदेशी जाणार, असं त्याने जाहीर केलं. मी समजूत घातली, मग चिडलो, मग पुन्हा समजूत घातली. त्याचं एकच, "लोकं रडून राह्यले, भाऊ, अन् मी नाचलो."

मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्याला ताप म्हणत होतो तो जाणार म्हटल्यावर घाट आत्तापासूनच रिकामा वाटू लागला होता.

तो सामानाची पेटी बांधत असताना चामोर्शीकडच्या रस्त्याने एक बाई आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, सोबत कोणी नाही, हातात गाठोडं नाही. नाव सायत्राबाई.

"साहेब, होडीत बसवा मले."

"बाई, ढिवराकडं जा. मयतीचं काम सोडलं म्या."

"अवो, मेलं कोन? मागच्या साली माह्या मालकाले घेऊन आल्ती मी. तवा तुमी बाजा वाजवून असे पाय आपटत होते का होडी गदगद हालून राह्यली होती. घरी सारे रडून रडून आंधळे झाले होते, अन् मले पदराआड हसू आलं जी. मंग लाज वाटली. मंग म्हनलं, मालक राह्यते तं माह्यापरीस मोठ्यानं हासले असते."

"मंग आता पलीकडं जाचं हाय का?" मी मध्येच विचारलं.

"पलीकडं माहं काय काम? नुसतं फिरवा. त्या रडन्यात पानी पाह्याचं राहून गेलं."

निळूभाऊ पेटीची दोरी हातात धरूनच माझ्याकडे वळला. माझ्यापेक्षा अस्सल बोली बोलणारा तो माणूस मला विचारू लागला, "काय म्हनते ते बाई?"

"फिराले आली हाय," मी म्हणालो.

दोघांनी मिळून होडी सुलटी केली. मी दुकानावर फडकं टाकलं आणि आत जाऊन बसलो. निळूभाऊने बाजा काढला नाही, चहा विचारला नाही. वल्ही मारत होता आणि त्याच्या दाढीत पाणी ओघळत होतं. हात गुंतलेले, पुसणार कसं? सायत्राबाईने ते पाहिलं आणि होडीच्या कडेवरून हात नदीत सोडून ती पाण्याकडे बघत बसली. बराच वेळ बघत होती.

"गावाले जाऊन राह्यले म्हनते तुमी?" ती म्हणाली.

"हो."

"कोन हाय गावाले?"

निळूभाऊने वल्ही थांबवली. उत्तर द्यायचं म्हणून नव्हे, खरोखरच आठवून पाहू लागला, एकेक घर, एकेक माणूस. होडी आपली आपण वळत राहिली. मी काठाकडे पाहत होतो.

"कोनी नाई," तो म्हणाला.

"मंग काऊन जाता?" सायत्राबाई म्हणाली. "घ्या, तिकडं वळवा, त्या खडकाकडं. तिकडचं अजून पाह्यलं नाई मी."