उशीवरचा थेंब

“अहो, आता एक थेंब जरी माझ्या उशीवर पडला ना, तर मी त्या दातांच्या डॉक्टरांना फोन करणार. घेऊन जाऊ देत ही बोट!” बायकोनं निक्षून सांगितलं आणि कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं.

कप्तान म्हणजे काही खरा कप्तान नव्हे. विमा कचेरीत सत्तावीस वर्षं खुर्ची उबवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तेव्हापासून सगळे त्याला कप्तान म्हणू लागले. केबिनमध्ये एक फळीवजा पलंग, एक बसकं दार, आणि बरोबर उशीच्या वर छपरात काचेचं झाकण. पाऊस थांबून तास उलटला तरी तिथून थेंब पडायचा, तोही अगदी नेम धरून, बायकोच्या कपाळावर. शेजारीच झोपलेला कप्तान मात्र कोरडा ठणठणीत! बायकोला थेंबापेक्षा याचाच राग जास्त. आणि दातांच्या डॉक्टरांनी बोटीबद्दल दोनदा विचारून ठेवलेलं. बोट गेली तर आपण पुन्हा खुर्चीत, या नुसत्या विचारानं कप्तानाला खरोखर रडू यायचं.

दोष झाकणाच्या रबरी पट्टीचा, हे कप्तानानं ठरवून टाकलं. दुकानदारानं “जाडी किती?” विचारलं. जाड ते चांगलं, या हिशेबानं कप्तानानं सगळ्यात जाड घेतली. लागत होती दीड मीटर, आणली चार.

रविवारी सकाळी मेहुणा मदतीला आला. हा उंटावरचा शहाणा न बोलावता येतो आणि न विचारता कामाला लागतो. कप्तानानं झाकणाच्या कडेला चिकटवायचं सोल्युशन लावून पट्टी नीट बसवली आणि हात धुवायला धक्क्यावर गेला. परत येईपर्यंत उरलेली पट्टी मेहुण्यानं दाराला लावूनही टाकली होती.

“भाऊजी, वाया कशाला घालवायची?”

“बरं केलंस,” कप्तान म्हणाला. पुढं हे वाक्य त्याला फार महाग पडलं.

“मी आत बसते,” बायको उशी, टॉर्च आणि कादंबरी घेऊन म्हणाली. “तुमच्या ‘अजिबात गळत नाही’वर माझा काडीचा विश्वास नाही.”

तिनं दार ओढून घेतलं. झाकण मात्र बसेना, पट्टी जाड ना! मग कप्तान आणि मेहुणा दोघंही त्यावर बसले. खालून तिनं खिट्टी लावली. त्यानंतर मोजून वीस बादल्या पाणी छपरावर ओतलं.

“ताई, पडला का थेंब?”

“नाही.”

कप्तानाला आकाश ठेंगणं झालं. अर्ध्या तासानं तो म्हणाला, “ये आता बाहेर!”

आतून खिट्टी निघाल्याचा आवाज आला, पण झाकण तसूभर हललं नाही. दारही नाही. कप्तान ओढून ओढून लाल झाला, आणि मग त्याला शंका आली.

“काय रे, सोल्युशन एकाच बाजूला होतं ना?”

“एका बाजूनं कसं चालेल, भाऊजी? दुसऱ्या बाजूनं पाणी शिरेल की! चौकटीलाही लावलं मी.”

“आणि दाराला?”

“दाराला तर दोन हात दिले!”

कप्तान मटकन खाली बसला. बायको आत कोंडलेली, आणि फोन तिच्याच हातात! आता दातांचे डॉक्टर काही चुकत नाहीत. तो धक्क्यावरून बोटीच्या कुशीतल्या गोल खिडकीशी गेला. खिडकी जेमतेम हात जाईल एवढीच उघडायची.

“अगं, घाबरू नकोस हं!”

“मी कशाला घाबरू? चहा द्या.”

थर्मासमधून कपभर चहा आत गेला. उलट वाटेनं तिचा फोन बाहेर आला. “हा तुमच्याकडे ठेवा. सासूबाईंचा आला तर तुम्हीच बोला.”

मग कप्तान पेचकसानं कड उचकटत बसला. मेहुणा म्हणाला, गरम पाण्यानं सोल्युशन सुटेल, म्हणून किटल्यांमागून किटल्या ओतून झाल्या. सुटलं काही नाही, दोघांचे हात भाजले. सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले. मध्येच खिडकीतून मेहुण्याच्या पायावर पाणी पडलं.

“ताई, काय टाकलंस?”

“कप विसळला.”

तासाभरानं पुन्हा तेच. “ताई, अगं पाय!”

“सरकून उभा राहा ना. कपच विसळतेय.”

शेवटी कप्तान नाक मुठीत धरून धक्क्यावरच्या बोटमिस्त्रींकडे गेला. मिस्त्री सावकाश आले, सावकाश विडी विझवली आणि पातळ पात्यानं दाराची फट कापत म्हणाले, “काम झकास केलंय साहेब. बोट बुडेल, पण हे दार उघडायचं नाही.”

मग त्यांनी बादलीशेजारी पडलेली जुनी पट्टी उचलून बोटानं दाबली. “ही का काढली? चांगली होती की. अहो, छपरावर ही धरायची दांडी आहे ना, हिचे स्क्रू सैल झालेत. पाणी तिथून शिरतं, आतल्या आत सरकतं आणि झाकणाच्या कडेला टपकतं.”

कप्तानानं छपराकडे पाहिलं. म्हणजे झाकण गळतच नव्हतं! मग वीस बादल्या आणि त्या किटल्या गेल्या कुठं?

दार उघडताच तो वाकून आत शिरला. बायको आळस देत उठून बसली. उशी पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, पायथ्याशी होती. आणि झाकणाच्या बरोबर खाली चहाचा कप, स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरलेला.

बाहेरून मेहुण्यानं ओरडून विचारलं, “ताई, शेवटचं सांग! उशीवर पडला का थेंब?”

“उशीवर? एकही नाही!” तिनं ठणकावून सांगितलं. मग हळूच कप्तानाला म्हणाली, “तीन तास कुणी कामाला हाक मारली नाही हो. सत्तर पानं वाचली, वर झोप काढली. डॉक्टरांना सांगा, दुसरी बोट बघा म्हणावं.”

कप्तानाचे डोळे भरून आले. तिला दिसू नये म्हणून तो घाईनं वळला आणि कप उचलून खिडकीकडे नेऊ लागला.

“सांडू नका,” ती उशी थोपटत म्हणाली. “तो तिसरा आहे.”