लिंडक्विस्टांच्या काळ्या गोटीची हकीकत

ब्रॅकन कॉलेजच्या पूर्वेस टेकडीवर विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाची, इंग्रजींत फ्रॅटर्निटी म्हणतात तिची, विटांची जी हवेली, तींत एमेट लिंडक्विस्ट यांचा प्रवेश एका काळ्या गोटीनें कायमचा नामंजूर जाहला. ही वार्ता येथें नमूद करोन लागलीच मागें घेतली आहे. ऐकणारांनीं कांहीं घडलेंच नाहीं असें समजोन, तोंड गंभीर ठेवोन, मजकूर मुळापासोन ध्यानांत आणावा.

एमेटराव, उमर अठरा, मिनेसोटा प्रांतीं बेमिजी गांवचे, पहिल्या वर्षास दाखल जाहले, आणि खोलींत वेंडेल सोर्वारी नामें सोबती लाभला. उभयतां कॉलेजांत तिसरें माणूस ओळखत नव्हते, म्हणोन तह जाहला कीं रोज सायंकाळीं सहा वाजतां मेसमध्यें, उष्ट्या ताटांच्या सरकत्या पट्ट्यालगतच्या टेबलावर, एकत्र जेवावें आणि कोणीं कोणास एकटें टाकूं नये. मग सप्टेंबरांत हवेलीच्या भरतीचा सप्ताह लागला. तीर्थरूप रोलंड लिंडक्विस्ट त्याच हवेलीचे जुने मानकरी. त्यांनीं फोनावरून फर्मान सोडिलें, “जाऊन तर ये! माझा फोटो आहे तिथं भिंतीवर. माझे सगळे मित्र तिथलेच आहेत.” आणि पाठोपाठ आपला तीस वर्षांचा विटका स्वेटशर्ट, छातीवर मंडळाच्या नांवाचीं तीन ग्रीक अक्षरें, टपालानें रवाना केला.

इकडे हवेलीचा कायदा असा कीं नव्या बंधूनें संध्याकाळचा खाना हवेलींतच घ्यावा. हें एमेटरावांनीं वेंडेलांस सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, “जा की. मी काय कुकुलं बाळ आहे? जेवीन एकटा.” आणि त्यांनीं बटाट्यांवर मीठ दोन वेळां घातलें. एमेटराव बाप आणि तह यांचे पेंचांत सांपडोन तीन रोज निर्णयावीण राहिले.

चौथे रोजीं चार वाजतां खासा स्वारी वडिलांचा स्वेटशर्ट अंगीं चढवोन टेकडीवर चालोन गेली, आणि येथें घोर चूक जाहली. दीक्षेविना तीं अक्षरें अंगावर घालणें हा त्या लोकांत महाअपराध, म्हणोन कोणी तसें करील हें कोणाच्या स्वप्नींही नाहीं. सबब अक्षरें पाहतांच द्वारावरील मंडळींनीं ताडिलें कीं दुसऱ्या कॉलेजच्या शाखेचा वडील बंधू पाहुणा आला. उमेदवारांच्या छातीवर नांवाची चिठ्ठी चिकटविली, यांस आलिंगन दिधलें. नांव कोणीं पुसलें नाहीं, कारण त्या हवेलींत सर्वांचें नांव एकच, “भावा”. एमेटरावांनीं खुलासा करावा तों हातीं कोंबडीच्या तिखट पंखांची परात आली, आणि तोंड भरलेल्या मनुष्याचा खुलासा आजवर कोणत्याही दरबारीं ऐकिला गेला नाहीं. मग त्यांस मसलतीच्या खोलींत नेऊन सोफ्यावर बसविलें. सोफा एका बाजूस खचलेला, म्हणोन न्याय देणारे सर्व उजवीकडे कललेले होते.

हवेलीचे सरदार टकर यांनीं मतांची पेटी फिरविली; पाहुण्या बंधूसही मताचा मान होता. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक काळी निघाली तरी उमेदवार बाद.

“सोर्वारी,” टकरांनीं यादी वाचिली. “दुपारी येऊन गेला. का यायचंय विचारलं, तर म्हणतो, ‘रूममेट येणारे. मला दुसऱ्या कुणाबरोबर जेवायची सवय नाही.’”

सोफा हांसला. पेटी उघडिली तों चार काळ्या. एमेटरावांची पांढरी कोपऱ्यांत पडली होती.

“पुढचा लिंडक्विस्ट. पठ्ठ्या अजून उगवलाच नाही. पण बाप भिंतीवर आहे, म्हणजे घ्यायचाच. चला, उरका.”

पांढऱ्या गोट्यांचा वर्षाव जाहला, आणि मग पेटी एमेटरावांपुढें आली. वरून भिंतीवरले तीर्थरूप, जाड मिशांसह, खालीं पाहत होते. एमेटरावांनीं वर पाहिलें, मनांत क्षमा मागितली, आणि काळी टाकिली.

“कोणी टाकली रे?” टकर गरजले. “अरे, त्याचा बाप आपला आहे!”

“मी,” एमेटराव वदले. “बापाबद्दल तक्रार नाही, भावा. पोराला मी लहानपणापासून ओळखतो. दुसऱ्याचे कपडे घालून हिंडतो, आणि कुणी काही समजलं तर सांगतसुद्धा नाही.”

“मग नकोच असला,” टकर म्हणाले. “बरं झालं सांगितलंस.”

सहा वाजतां स्वारी मेसमध्यें दाखल जाहली. वेंडेलांनीं दोन ताटें मांडोन ठेविलीं होतीं.

“घेतलं तुला?”

“नाही. एकानं काळी टाकली.”

“कोण तो गाढव?”

“आहे एक. जुनी ओळख आहे.”

वेंडेलांनीं आपल्या हवेलीवारीचा शब्द काढिला नाहीं, एमेटरावांनीं पुसलें नाहीं, फक्त मिठाची बाटली दूर सरकविली. मग तीर्थरूपांस फोन करोन पराभव कळविला. तीर्थरूपांनीं पुसलें,

“फोटो दिसला का माझा?”

“दिसला, बाबा. मिशी भारी होती.”

“बरं. जेवायला आहे ना कुणी बरोबर?”

“आहे.”

येणेंप्रमाणें तह राखिला, फत्ते जाहली, आणि तिची नोंद येथें केली. आतां बंधुमंडळाच्या थोरल्या कचेरीस अर्ज ऐसा जे: सदरहू काळी गोटी बंधू नसलेल्या इसमानें टाकिली, सबब ती रद्द व्हावी, एमेट लिंडक्विस्ट एकमतानें निवडून आल्याचें जाहीर व्हावें, आणि सर्व बंधूंनीं पायऱ्यांवर दुतर्फा उभें राहोन एमेटरावांस तें बंधुपद स्वमुखें रीतसर नाकारण्याची संधि द्यावी. समारंभ साडेपांचाचे आंत उरकावा. सहा वाजतां जेवण आहे.