विमा कचेरीचे खांबराव रंगमंचावर कोसळले, त्या मोहिमेची हकीकत

थोरामोठ्यांची आज्ञा जाहली की, विमा कचेरीचे तपासनीस, अखंडित ताठमान राजश्री खांबराव साहेब, यांनी भरल्या सभागृहात डाव्या अंगावर पडोन जी फत्ते केली, तिचे साद्यंत वर्तमान लिहावे, आणि पदरचे मीठ फार घालू नये. आज्ञा शिरसावंद्य. पूर्वी घोड्यावरून पडले, तख्तावरून पडले, नजरेतून उतरले, तोंडघशी पडले, ऐसे नामांकित बहुत होऊन गेले. परंतु ते सर्व नाइलाजे पडले. आपखुशीने, वेळेवर आणि आवाज न करता पडावे, हे कर्म महाकठीण. ते खांबरावांनी कैसे साधिले, ते श्रोत्यांनी सावध बसोन ऐकावे.

खांबराव हे नाव आईबापांनी ठेविले नव्हते. कचेरीतील कारकून मंडळींनी ठेविले, सबब की साहेब उभे राहिले तरी खांब आणि बसले तरी खांब, आणि हातचे पेन खाली पडले तर वाकणे नको म्हणोन दुसरे पेन काढीत. त्यांची कामगिरी ऐसी की, जिन्यावरून, शिडीवरून, न्हाणीघरात जो कोणी पडला आणि विम्याचा दावा घेऊन आला, तो खरोखर पडला की पडल्याचे सोंग केले, याचा निवाडा करावा. नजर ऐसी करडी की, खरा पडलेला मनुष्यही त्यांचे समोर आला की, आपण पडलो होतो की नाही, या विचारात पडे.

त्यांस कन्या एकच. ती शिकली, सवरली, शहाणी जाहली आणि मग नाटकात गेली. त्यावरोन घरात रोज लढाई जुंपू लागली. जेवणाचे ताटावर तोफा सुटत आणि भाजी निवोन जाई. अखेर खांबरावांच्या पत्नी, ज्यांस त्या घरात बाईसाहेब म्हणत आणि ज्यांचा शब्द दोन्ही फौजा मानीत, त्यांनी मध्ये पडोन तह घडविला. तहाचे कलम ऐसे की, लेकीने स्वतः बसविलेल्या नाटकाचा एक प्रयोग निभावून न्यावा. निभावला तर खांबरावांनी नाटकाविषयी तोंड उघडू नये; फजिती जाहली तर लेकीने निमूट विमा कचेरीत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसावे. ती खुर्ची खांबरावांनी आधीच पुसोन ठेविली होती.

आणि मग प्रयोग तोंडावर आला असता लेकीचे फौजेत फितुरी जाहली. नाटकातील बापाचे काम करणारा नट टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दाखविण्यास निघोन गेला. मागे राहिला तो त्याचा कोट. काळा, जाड, त्याच्या अंगाबरोबर शिवलेला, आणि दुसरा शिवण्यास फुरसत नाही. त्या लांबीरुंदीचा मनुष्य शोधू जाता सर्व मुलुखात एकच निघाला. तो हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचीत बसला होता.

लेक समोर येऊन उभी राहिली. "बाबा, एक काम होतं. एकही वाक्य बोलायचं नाही. दुसऱ्या अंकात दारात उभं राहायचं, आणि मी 'जाते' म्हटलं की पडायचं. मरून."

खांबरावांनी वर्तमानपत्र खाली केले. "उभा राहतो. पडायचं बघू."

लेक आत गेली तेव्हा बाईसाहेबांनी हळूच खलबत केले. "अहो, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी जिंकलात की! नाटक तिथेच आडवं."

हा डाव खांबरावांचे मनात आला नव्हता ऐसे नाही. वर्तमानपत्राचे आड तोच आला होता. परंतु दुसऱ्याचे तोंडून ऐकता त्यांस मिरची लागली. खोटे पडणाऱ्यांस ज्यांनी जन्मभर वाटेस लाविले, त्यांनी आता खोटे उभे राहावे काय? "पडायचं म्हटलंय ना, मग नीट पडेन," ऐसे बोलोन त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केले. पुढे लढाईचे दिवशी आपण काय करू, हे मात्र त्यांस स्वतःसही ठाऊक नव्हते.

मग तालमीस कूच जाहले. एका लाँड्रीचे माडीवर लाकडी फरशीचा लांब दिवाणखाना, एका भिंतीस तडकलेला आरसा, आणि खालोन इस्त्रीची वाफ वर येई. तेथे देहाच्या हालचालींचे शिक्षण देणाऱ्या उस्तादबाई राहत. खांबरावांची अटकळ की कोणी सडपातळ नर्तकी असेल. दार उघडले तो बाई भरभक्कम, केस पिकलेले, एका गुडघ्यास पट्टा. त्यांनी खांबरावांस भिंतीपासोन भिंतीपर्यंत चालावयास लाविले, आणि पाहोन बोलल्या, "दादा, तुम्ही चालत नाही. तुम्हाला कोणीतरी ढकलतंय. कपाट सरकवतात ना, तसं."

आणि मग बाईंनी हालचालीचे प्रकार एकामागोन एक समोर मांडिले, आणि खांबराव एकेकावर चालोन गेले. पहिला प्रकार संथपणाचा. हात वर न्यावा तो पाकातोन नेल्यासारखा, कोठे सुरू जाहला, कोठे संपला, हे कळो न द्यावे. खांबरावांनी हात उचलिला तो तीन ठिकाणी थांबोन वर गेला, जणू मधले मजले लागले. तेथे मोर्चा लावोन ठेविला आणि ठोशावर गेले. एकच आघात, झटक्याने, आणि तेथेच खल्लास. हा हुकूम मिळताच खांबरावांनी उजवी मूठ हवेत ऐसी आपटिली की बाई दोन पावले मागे सरकल्या.

"अहो! हे कुठे शिकलात?"

"कचेरीत," खांबराव बोलले. "नामंजूरचा शिक्का."

ते ठाणे लढाईवाचोन हाती आले. परंतु झोक्याने दगा दिला. झोक्यात अंग खाली सोडोन द्यावे लागते, मग ते आपोआप वर येते. खांबराव खाली सोडीनात, सबब वर येईना. नेट लावोन एकदा सोडिले, तो चष्मा सुटोन आरशावर गेला. अधांतरी राहण्याचा प्रकार म्हणजे वरच्या टोकास क्षणभर श्वास धरोन थांबणे, धड वर नाही, धड खाली नाही. तो काही केल्या उमजेना, तेव्हा बाई बोलल्या, "शिंक येणार, येणार, आणि येत नाही, ते." खांबरावांस शिंकांचा त्रास होताच, तत्काळ जमला. आणि थरथर साधण्यास्तव बाईंनी त्यांस खाली लाँड्रीत नेऊन, कपडे पिळणारे यंत्र फिरत असता, त्यास पाठ लावोन उभे केले. तपासनीस साहेबांचे गाल, हनुवटी, खिशातील किल्ल्या, तमाम थरथरू लागले. लाँड्रीवाल्यांनी हे पाहोन दारावरील पाटी फिरवोन दुकान बंद असल्याचे दाखविले.

मग सर्वांत बिकट ते राहिले: कोसळणे. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच.

पहिल्या खेपेस खांबरावांनी मागे वळोन फरशी पाहिली, खिशातोन रुमाल काढोन तीवर अंथरिला, आणि मग एक गुडघा, मग दुसरा, मग हात टेकोन, उंट बसावा तैसे बसले आणि आडवे जाहले. दुसऱ्या खेपेस डोळे मिटोन पडले ते अखंड कपाटासारखे, आणि इमारत हादरली. लाँड्रीवाले इस्त्रीसह वर आले. "काय पाडताय वर? माझ्या सगळ्या घड्या विस्कटल्या!"

उस्तादबाईंनी दोघांसही बाजूस केले. "बघा." मग एक श्वास सोडिला, आणि ते भरभक्कम शरीर दोरीवरील ओली चादर घसरावी तैसे घसरले, घोटा वळला, मागोन पोटरी, मांडी, खुबा, बगल, खांदा, आणि सरतेशेवटी डोके अलगद टेकले. आवाज ऐसा नाहीच.

खांबरावांचे तोंडोन सवयीने शब्द गेला, "कुठे लागलं?"

"लागायला अंग आवळावं लागतं," बाई फरशीवरोनच बोलल्या. "तुम्ही पडताना कोणाच्या भरवशावर पडता?"

"कोणाच्याच नाही."

"मग जमिनीच्या भरवशावर पडा. ती कुठे जात नाही."

या उपदेशावर खांबरावांनी बहुत श्रम केले. घरी गादी अंथरोन पडू लागले, तो बाईसाहेब गादीचे मध्यभागी ठाण मांडोन बसल्या आणि हे वय आहे का, ऐसा सवाल केला. कचेरीत दप्तराचे खोलीत पडू गेले, तो शिपायाने उचलोन पाणी पाजिले. अंगास काळेनिळे डाग जाहले आणि तरीही प्रत्येक वेळी मनात हिशेब चाले: आता घोटा, आता पोटरी, आता मांडी. आणि हिशेब चालला म्हणजे अंग आवळे.

ते समयी कचेरीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई दावा घेऊन आल्या. जिन्यावरून पडल्या होत्या, मनगट मोडले होते. खांबरावांचा शिरस्ता की, प्रथम काय टेकले, मग काय टेकले, हे खोदोन खोदोन पुसावे, आणि बोलण्यात फट सापडली की शिक्का हाणावा. तैसेच पुसले. बाई गोंधळल्या. "काय सांगू साहेब? काही कळलंच नाही. पाय गेला, आणि मग एकदम छत दिसलं."

खांबरावांचा हात शिक्क्यावर होता तो तेथेच राहिला. आजवर जे जे आले आणि आधी गुडघा, मग कोपर, मग पाठ, ऐसे ओळीने सांगोन गेले, ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांचे दावे आपण मंजूर केले. आणि ज्यांस सांगता आले नाही, त्यांस? हा विचार मोठा अवघड होता. त्यांनी बाईंस बसावयास खुर्ची दिली, पाणी मागविले, दावा मंजूर केला, आणि मग अदबीने पुसले, "बाई, पडताना श्वास आत होता की बाहेर?" बाई मोडक्या मनगटासह जरा सावरोन बसल्या.

मग लढाईचा दिवस उगवला. संध्याकाळी सभागृह भरले. पहिल्या रांगेत बाईसाहेब, शेजारी उस्तादबाई, मागे कचेरीतील कारकून मंडळी, जी खांब पडतो कैसा, हे पाहण्यास फौजबंद आली होती. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात खांबराव काळा कोट चढवोन दाराचे चौकटीत उभे राहिले, आणि उभे राहण्यात त्यांची बरोबरी करणारा त्या रंगमंचावर कोणी नव्हता.

लेक पाठमोरी होती. संवाद बोलत बोलत ती वळली आणि ठरल्या जागी येऊन बोलली, "बाबा, मी जाते."

खांबराव पडले नाहीत.

खिडकीजवळची खुर्ची त्यांस दिसत होती. पंखा बरोबर वर, उन्हाचा त्रास नाही. एवढे उभे राहिले की लेक रोज समोर. दुपारचा डबाही एकत्र खाता येईल. कोणी दोष देणार नाही. म्हातारा घाबरला, म्हणतील. क्षण गेला, दुसरा गेला, कारकून मंडळींत चुळबुळ जाहली. लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. चेहरा नाटकातला होता तो तैसाच ठेविला. बाप जाणोन थांबला आहे, हे तिने ताडले होते. आणि तरीही तिने हाक दिली नाही, खूण केली नाही, प्रॉम्प्टरकडे पाहिले नाही. पुन्हा बोलली, आणि या खेपेस आवाज घरातला निघाला, "जाते, बाबा."

खांबरावांनी श्वास सोडिला.

पुढे काय जाहले ते त्यांस सांगता येत नाही. एकदम छत दिसले.

आवाज जाहला नाही. आणि म्हणोनच सभागृहात हाहाकार जाहला. बाईसाहेब, ज्यांनी ही मसलत आरंभापासोन पाहिली होती, त्याच पहिल्या उठल्या आणि "अहो!" ऐसी किंकाळी फोडिली. लेक धावली, बापाचा हात हाती घेऊन बसली. इतक्यात प्रेक्षकांतोन एक जनावरांचे डॉक्टर शेजाऱ्यांचे पाय तुडवीत थेट रंगमंचावर चढले आणि गुडघ्यावर बसोन नाडी शोधू लागले.

खांबराव ओठ न हलविता बोलले, "मी मेलोय हो. खाली जा."

डॉक्टरांस ऐकू कमी येई. त्यांनी रंगमंचावरील मंद उजेडात मनगट चाचपिले आणि आनंदाने ओरडले, "नाडी आहे! चांगली जोरात आहे!"

तमाम मोहीम तेथेच बुडावयाची. परंतु लेकीने मान वर केली आणि शांतपणे बोलली, "ती माझी आहे, डॉक्टर. तुम्ही माझा हात धरलाय."

डॉक्टरांनी पाहिले, तो खरेच हात लेकीचा. ते खाली मान घालोन उतरले, आणि लोकांस वाटले की हे नाटकातच आहे, आणि कित्येकांनी डोळ्यांस पदर, रुमाल, जे हाती आले ते लाविले. पडदा पडला आणि टाळ्यांची नौबत झडली.

पडद्यामागे बाईसाहेब चालोन आल्या आणि पतीच्या दंडावर दोन चापट्या हाणल्या. "परत असं पडलात तर याद राखा!"

"खरं वाटलं?" खांबरावांनी हरखोन पुसले.

लेकीने हळूच विचारले, "मध्ये का थांबलात?"

खांबरावांनी कोटाचे बटण काढिले, पुन्हा लाविले. "विचार करत होतो. चुकलंच." आणि थोडे थांबोन, "ती खुर्ची मी दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो."

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोके टेकिले. आपले हात आता कोठे ठेवावे, हे उस्तादबाईंनी शिकविले नव्हते. खांबरावांनी ते कैसेबैसे तिच्या पाठीवर ठेविले.

"बाबा, पुढच्या रविवारी परत प्रयोग आहे."

"मग काय. परत मरतो."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती नोंदली असे. आपल्याकडील नुकसान: डावा खुबा निळा, कोटाची एक बाही उसवली, लाँड्रीवाल्यांशी बोलणे बंद. शत्रूकडील नुकसान: समूळ. शत्रू कोण होता ऐसे कोणी पुसेल, तर तो कोटातच होता. आणि कोट धुवावयास टाकिला आहे.