दोंदेकाकांचा कर्णा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोंदेकाकांनी तेलाच्या डब्यांचे पत्रे जोडून माणूस आत बसेल एवढा कर्णा केला आहे. तोंड आभाळाकडे. लोकांना वाटलं, आता यातून भजनं वाजणार. काका म्हणाले, "हा बोलत नाही, ऐकतो. तुम्हालाही जमतं का बघा."

काका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून आभाळभर उरली आहे, पण इतकी विरळ, की बर्फही तिच्यापुढे निखारा वाटावा. ती कर्ण्याने पकडायची, हा त्यांचा उद्योग. कोणी हसलं की एकच उत्तर, "खोटं सिद्ध करा, आत्ता मोडतो." अख्ख्या नाशकात अजून कोणी पुढे आलेलं नाही.

"काका, त्या उबेचा उपयोग काय?" बागुलवहिनींनी एकदा विचारलं.

"तुमच्या सिरियलचा काय?"

शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, गच्चीवर सोलर बसवायचं, कर्णा हटवायचा. विरोधात एकट्या काकांचा हात. सेक्रेटरी म्हणून नोटिशीवर सही माझी. जड मनाने केली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी ती वाचलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी नोटीस घेऊन वर गेलो. काकांनी ती वाचली आणि घडी घालून परत दिली. "कर्णा हलणार नाही. पोलीस आणा."

"इतक्या वर्षांत सापडलं काय, ते तरी दाखवा," मी चिडून म्हणालो.

त्यांनी वही पुढे केली. आधी काहीतरी ऊबदार कर्ण्यासमोर धरायचं, मीटरचा काटा बघायचा, मग कर्णा आभाळाकडे ठेवून पुन्हा बघायचा. दोन्हींतला फरक म्हणजे माप. पानावर त्याचे दोन रकाने. ऊबदार वस्तूच्या रकान्यात पानोपानी एकच नाव होतं, शकू. म्हणजे काकू. त्या रोज येऊन पाच मिनिटं कर्ण्यासमोर उभ्या राहत. गेल्या मार्गशीर्षात त्या वारल्या. पुढची पानं कोरी होती.

"तेव्हापासून मापच घेतलं नाही?"

"नाही."

"अहो, भिंत चालली असती."

"चालते की. पुस्तकात भिंतच सांगितलीय." काकांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "तिच्या नावाखाली भिंत लिहू?"

मी नोटीस फाडून खिशात कोंबली. "मी उभा राहू?"

त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं.

"राहा. पण तुमचं नाव त्या रकान्यात येणार नाही. समासात लिहीन."