निंबाजीरावांची बिनबर्फाची होडी

निंबाजीराव पाटील जानेवारीतल्या भर उन्हात गळ्यात दोन टोकदार लोखंडी खिळे अडकवून फिरतात. खिळ्यांना लाकडी मुठी, आणि दोन्ही एका नाडीला बांधलेले. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला, तर हे खिळे काठच्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं असतं. सिल्वासात बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर मिळतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. “मास्तर, सराव म्हंजे सराव,” असं म्हणून त्यांनी माझ्याही गळ्यात एक जोडी घातली.

मी कुडाळकडचा, इथल्या सरकारी शाळेत शिक्षक. ते अमळनेरकडचे, गलोंड्याच्या एका सुताच्या कारखान्यात फिटर. आमची दारं समोरासमोर. तीस वर्षं मशिनी उघडून या माणसाला जगाकडे पाहायची एकच रीत उरली आहे. कुठलीही वस्तू दिसली की मान तिरकी करून विचारणार, “हे तुटीन कुठून?” सोसायटीचा झोपाळा असो, नाहीतर माझी कोरी स्कूटर. एका लग्नात नवरानवरी यायच्या आधी हे स्टेजवरच्या सोफ्याखाली डोकं घालून बसले होते. वधूपक्षाने यांना जवळजवळ हाकललंच होतं, पण सोफ्याचा एक पाय खरोखर सैल निघाला, म्हणून आम्हाला जेवण मिळालं.

त्यांचा मुलगा हेमंत कॅनडात असतो. तिकडे तळी गोठतात, आणि त्या बर्फावर हौशी मंडळी शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती लावतात. पुढे एक पोलादी पातं, मागे आडव्या फळीच्या दोन टोकांना दोन पाती, मध्ये डोलकाठी, आणि तिच्यामागे आडवा पडलेला माणूस. होडी वाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने धावते. ब्रेक नाही. थांबायचं तर तोंड वाऱ्याकडे वळवायचं. हेमंतने तशी होडी बांधायला घेतली आणि दिवाळीच्या फोनवर बापाला कौतुकाने सांगितलं. बापाला तीन दिवस अन्न गोड लागेना.

“नको जाऊ म्हणून कसं सांगू? पोरगं तिशीचं झालं,” ते मला म्हणाले. मग त्यांनी तोडगा काढला. होडीचा नकाशा मागवून घेतला आणि मुलाला बजावलं की तशीच एक मी इथे बांधतो, ती कुठून तुटते ते पाहतो, मग तू शर्यतीत बस.

दोन महिने आमच्या व्हरांड्यात चालायला जागा नव्हती. सागाच्या फळ्या आल्या, खेरडीहून डोलकाठीला बांबू आला, ताडपत्रीचं शीड झालं. पात्यांच्या जागी हातगाडीची चाकं बसली. बाकी सगळं नकाशाबरहुकूम, बोल्टसुद्धा हेमंतने वापरले त्याच मापाचे आणि त्याच जातीचे. रोज तासभर फोन. शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी होती आणि त्याच आठवड्यात, तिच्या आधी, उत्तरायणाची म्हणजे आपल्या संक्रांतीची सुट्टी आली. निंबाजीरावांनी चाचणीला तो सुट्टीचा दिवस धरला.

गलोंड्याजवळ कारखान्यासाठी सपाट करून ठेवलेला एक मोठा प्लॉट आहे. तिथे हेल्मेट, हातमोजे, खिळे असा सगळा जामानिमा करून निंबाजीराव आधी पहार घेऊन निघाले. दर दहा पावलांवर जमीन ठोकायची, कारण बर्फाची जाडी अशीच तपासतात. वॉचमन बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, “काका, पाणी शोधो छो?” बोअरिंगवाला समजला बिचारा.

माझ्या हाती शिट्टी होती. तीन वेळा वाजली की थांबायचं. बर्फाचे यच्चयावत धोके निंबाजीरावांना तोंडपाठ होते. उत्तरायणाला आकाशात पतंग असतात, एवढं मात्र त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला वारा चढला. शीड टम्म फुगलं, एक मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, आणि तेव्हाच मला उन्हात काहीतरी चमकलेलं दिसलं. कटलेला एक पतंग बाभळीच्या झुडपात अडकला होता. त्याचा मांजा तिथून कुंपणाच्या खांबापर्यंत ताणलेला, जमिनीपासून दीड हातावर. होडीत पडलेल्या माणसाचा गळा बरोबर तेवढ्यावर येतो.

मी शिट्टी तोंडात धरली. तोंडाला कोरड पडली होती, नुसती हवा निघाली. निंबाजीराव मांज्यापासून तीसएक पावलांवर होते. दुसऱ्यांदाही हवाच. तिसऱ्यांदा वाजली, आणि मग मी वाजवतच सुटलो.

का वाजली, हे त्यांनी पाहिलंच नाही. शिट्टी म्हणजे शिट्टी. त्यांनी सुकाणूचा दांडा जिवाच्या आकांताने फिरवला. होडी वळली, पुढे खाडकन आवाज झाला, नाक जमिनीत घुसलं आणि सगळं धूड उलटून घासत गेलं. मी धावत पोचलो तेव्हा मांजा त्यांच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर थरथरत होता.

त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं आणि ते मुरमात काहीतरी चाचपत होते. पुढच्या चाकाच्या बोल्टचा तुकडा सापडला तसा त्यांचा चेहरा उजळला. “पाहा मास्तर, आट्यांवरच कापला. पोरानं फुल आट्याचा बोल्ट टाकला. इथं बिनआट्याचा कोरा दांडा पाहिजे.”

“गळा कापला गेला असता तुमचा,” मी म्हणालो.

त्यांनी तेव्हा कुठे मांज्याकडे पाहिलं. “बरं झालं, पोराच्या जागी मी होतो,” एवढंच म्हणाले.

हेमंतने बोल्ट बदलला. यांनी त्याचे तीनदा फोटो मागवले. रविवारी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला मी चहा घेऊन गेलो आणि त्याच वेळी हेमंतचा फोन आला. निंबाजीरावांनी तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, पाचवा आलो. काही तुटलं नाही.”

“कुठं कुरकुरली?”

“नाही बाबा. एकदम मस्त पळाली.”

“बरं.”

“बरं बाबा, ठेवतो मग.”

मी अभिनंदन केलं. निंबाजीराव फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, दमले असतील.

“मास्तर, त्याची आई होती तवा फोनवर तीच बोलायची,” ते हळूच म्हणाले. “मले नाही येत बोलता. ती गेल्यापासून ‘बरा आहे ना’, ‘बरा आहे’, खलास. या होडीपायी दोन महिने पोरगं माझ्याशी बोललं. आता होडी धड चालली. आता काय विचारू त्याले?”

होडीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी विचारणं भाग होतं.

“निंबाजीराव, तिकडे उन्हाळा आला की होडी ठेवणार कुठे तो? लाकूड आहे. वाळवी लागली तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर आठ्या चढल्या.

“वाळवी,” ते म्हणाले. चहा तसाच खाली ठेवून त्यांनी फोन उचलला. “हेमंत, झोपला नाहीस ना? एक विचारायचं राह्यलं भो.” आणि खुर्ची भिंतीला टेकवून ऐसपैस बसले.