गायकवाडकाका आणि शहाणा व्हॉल्व्ह

आमच्या वरच्या मजल्यावरचे गायकवाडकाका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नसत, व्हॉल्व्हचं चाक ठेवत. लाल, लोखंडी, चांगलं तळहाताएवढं. घराबाहेर पडताना ते पाण्याचा मेन व्हॉल्व्ह आवळून बंद करत आणि मग पान्याने नट सोडवून चाकच काढून घेत. मागे कुणी चुकून उघडू नये म्हणून.

कुणी म्हणजे काकू. घरात दुसरं होतंच कोण?

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. बदलापूरला शिरगावात राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला विचारलं, "तुमचा मेन वॉल कुठाय?" निम्म्यांना ठाऊक नव्हतं. "वॉल ठाऊक नाय आणि घर घेतलं!" असं म्हणून ते आमची कीव करत.

एकदा काकू शिकेकाई लावलेले केस टॉवेलात गुंडाळून आमच्या दारात उभ्या. "चाक उल्हासनगरला गेलंय," एवढंच म्हणाल्या. मी बादली भरून दिली. स्वयंपाकघरातल्या खाटेवरून माझी आई हसली. अर्धांगवायूने तिचं उठणं आणि बोलणं दोन्ही नेलं होतं, हसणं तेवढं राहिलं होतं. आम्ही दोघीच. वन रूम किचनमध्ये तिची खाट कायमची ठेवता येईल अशी तीच एक जागा होती. मी शाळेत शिकवायला गेले की ती एकटी, आणि काही झालं तर हाक मारायचीही सोय नाही. हा घोर मला रोजचा होता.

अखेर काकूंच्या कटकटीला कंटाळून काकांच्या मुलीने त्यांना ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह घेऊन दिला. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराने सांगितलं, "साईं, नीचे पानी गिरा कि वॉल अपने आप बंद. आप आराम से घूमो." जमिनीवर दोन तारांची एक डबी, तारा ओल्या झाल्या की मोटर फिरणार आणि पाणी बंद. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'शहाणा'. पहिल्याच दिवशी काकूंनी लादी पुसली आणि शहाण्याने कोकलत पाणी तोडलं. काकांना कोण आनंद! "याला अक्कल हाय," ते म्हणाले, "पण जबाबदारी नाय." त्यामुळे शहाणा आपल्या जागी आणि चाक खिशातच.

मग नातवाच्या नामकरणाचा रविवार आला. समारंभ बुवापाड्यात मुलीकडे. काकूंनी बजावलं, "आज खिशात चाक दिसलं तर मी घरीच बसेन." काका बिचारे पहिल्यांदाच मेन व्हॉल्व्ह उघडा ठेवून, सगळं शहाण्याच्या भरवशावर टाकून गेले.

त्याच दुपारी मी आईची औषधं आणायला बाहेर पडले. परतले तर आमचं दार सताड उघडं. आत धावले तर स्वयंपाकघरात खाट नाही! खाट बाहेरच्या खोलीत, तिच्यावर आई, आणि खाली जमिनीवर घामाने निथळणारे काका, वर्तमानपत्राने स्वतःला नव्हे, आईला वारा घालतायत.

"काका, काय झालं?"

"काय नाय झालं," ते धापा टाकत म्हणाले. "जेवायला बसलो आणि पंखा थांबला. लोडशेडिंग! म्हटलं, इथंपण लाइट गेली असणार. लाइट नाय तर शहाणा आंधळा. वर पाइप फुटला तर बंद कोण करणार? रिक्षा केली."

आमची एक किल्ली त्यांच्याकडे असे. ते आधी स्वतःच्या घरी गेलेच नव्हते.

आम्ही दोघं वर गेलो. सगळं कोरडं ठणठणीत, एक थेंब कुठे नव्हता. मला हसू आलं, थोडा रागही आला. भरल्या ताटावरून उठून माणूस आला तो यासाठी! मग माझं लक्ष त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लादीकडे गेलं. माठ, कळशा, बादल्या सगळं एका भिंतीशी दाटीवाटीने रचलेलं, आणि मधली जागा मोकळी. त्या जागेवर लाल ऑइलपेंटने एक लांबट चौकोन आखला होता.

"हे काय?"

काका ओशाळले. "तुझ्या आईची खाट. बरोबर ह्या चौकोनाच्या खाली. ह्याच्यात पाण्याचं भांडं ठेवायचं नाय, असं हिला सांगून ठेवलंय." मग म्हणाले, "माझी आई अशीच पडून होती. वरनं पाणी गळलं तेव्हा मी ड्युटीवर. येईपर्यंत ओल्यात पडलेली. हाक मारायला आवाज नव्हता तिला."

इतकी वर्षं मला वाटायचं, मी शाळेत असताना आईची काळजी करणारं जगात दुसरं कुणी नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं वाटलं.

लाल चौकोनाच्या शेजारी खरवडून काढलेल्या दुसऱ्या एका चौकोनाच्या पुसट खुणा होत्या. मी तिकडे पाहतेय हे काकांच्या लक्षात आलं.

"ती जुनी जागा. मधी तू खाट खिडकीकडं सरकवलीस ना?" ते म्हणाले. "परत सरकवलीस तर आधी सांगत जा, ताई. रंग वाळायला दोन दिस लागतात."