साडूच्या पाच ताऱ्यांची बखर

श्रीवास्तुपुरुष प्रसन्न. उंबरठ्यास हात लावोन, चारी कोपऱ्यांस नमस्कार करोन लिहिणे ऐसे जे, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एके राज्यात जे वर्तमान जाहले ते सांगतो. राज्याचे नाव पुसू नये. जेथे माणसांहून इमारती अधिक आणि इमारतींहून दलाल अधिक, तेच ते राज्य. हे वर्तमान कोणी खरे मानणार नाही, हे आधीच सांगोन ठेवतो. आमच्या सख्ख्या मेव्हण्यानेही मानले नाही, आणि तो तर वर्तमानपत्रातील राशिभविष्य वाचोन चपला घालतो. न मानावे. आम्ही सांगावे, आपण ऐकावे, कोणाचे काही जात नाही. आमच्या गोदाआक्काही कोपऱ्यात ऐकत बसल्या आहेत.

तर त्या राज्यात पूर्वेकडील पेठेवर मुकुंदराव खरवंडीकर नामे थोर दलाल अंमल करीत होते. इस्त्रीवाल्याच्या दुकानास लागोन त्यांची पत्र्याची कचेरी, आत एक मेज, दोन खुर्च्या, आणि भिंतीस खिळे, आणि खिळ्यांस अवघ्या पेठेतील रिकाम्या घरांच्या किल्ल्या. मुकुंदरावांची विद्या ऐसी की घर कोणते यावर सौदा न ठरता, घरास कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी न्यावे यावर ठरे. समोर शाळा असली तर शाळेस सुटी असता न्यावे, नळास घटकाभरच पाणी येत असले तर तीच घटका साधावी, आणि नाल्याकडची खिडकी असली तर तीस आपण पाठ टेकून उभे राहावे व गिऱ्हाइकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करावी. आणि सर्वांत थोर मसलत ही की आधी दोन घरे ऐसी दाखवावी की गिऱ्हाईक रडकुंडीस यावे, आणि मग जे विकावयाचे ते तिसरे दाखवावे. मग त्या तिसऱ्याच्या भिंतीस ओल असली तरी गिऱ्हाईक हात लावोन म्हणे, वा, गारवा आहे. ऐसे सुखाने राज्य चालले असता मोबाइलमध्ये घरे दाखवणारे ॲप उपजले, आणि पहिली दोन घरे न पाहताच लोक तिसरे पाहू लागले. गिऱ्हाइके अंथरुणात पडल्या पडल्या दहा दहा स्वयंपाकघरांतून फिरोन येऊ लागली, नकाशा उघडोन नाला कोठे, स्मशान कोठे, हे दलालासच सांगू लागली, आणि मुकुंदरावांच्या कचेरीत पाऊल पडेनासे जाहले. कोणी आलेच तर ते इस्त्रीचे कपडे न्यावयास येत आणि चुकोन या दारी डोकावत.

परंतु मुकुंदरावांचे खरे दुःख हे नव्हे. खरे दुःख पश्चिमेकडील पेठेत राहत होते आणि त्याचे नाव हेमंतराव टेंभेकर. हे मुकुंदरावांचे साडू, धाकट्या मेहुणीचे, वंदीचे, यजमान. आधी पाणी गाळावयाची यंत्रे विकीत, मग ती विद्या न साधता दलालीत उतरले, आणि उतरले ते थेट ॲपातच जाऊन बसले. ॲपात त्यांची तसबीर, अंगात कोट, हातांची घडी, मुखावर मंद हास्य, आणि खाली चार तारे भरलेले व पाचवा अर्धा. मुकुंदरावांचेही नाव ॲपात होते, परंतु तसबिरीच्या जागी करड्या रंगाचे बिनतोंडाचे बुजगावणे, आणि खाली ताऱ्यांच्या जागी काही नाही. रोज प्रातःकाळी देवपूजेआधी मुकुंदराव मोबाइल उघडीत आणि साडूचा अर्धा तारा भरला की काय ते पाहत. भरला नसला तर आंघोळीस जात. एके दिवशी त्यांचे कुटुंब शैलाबाई बोलिल्या, "अहो, चहा गार झाला. किती वेळ हेमंतरावांचं तोंड बघताय? आमच्या वंदीनं लग्न ठरताना एवढं नव्हतं बघितलं." मुकुंदराव बोलिले, "तो कोट भाड्याचा आहे." शैलाबाई बोलिल्या, "असेना. बसलाय तर अंगात."

मग ऐसे जाहले की हेमंतरावांनी मावळतीकडच्या एका इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचे घर ॲपात मांडिले. घर मध्यम, दोन खोल्या व ओटा. परंतु तसबिरी ऐशा रुंद काढविल्या की दिवाणखान्याच्या एका भिंतीवर सूर्य उगवताना दिसे आणि समोरच्या भिंतीवर मावळताना, आणि न्हाणीघर पाहोन एका गृहस्थाने हत्ती ठेवावयास चालेल का ऐसे पुसविले. मुकुंदरावांनी ते पाहिले मात्र, जळफळोन मोबाइल पालथा ठेविला. मग मसलत केली ती अशी की खोटी गिऱ्हाइके सोडावी आणि साडूस दमवोन जेरीस आणावे. इस्त्रीवाल्याचा मोबाइल घेतला, शेजारच्या दवाखान्यात रांगेस बसलेल्या रोग्यांचे मोबाइल क्षणभर म्हणोन घेतले, आणि त्यांवरून घरास मागण्या घातल्या. एक निवृत्त कर्नल निर्माण केला. एक दुबईचा सोनार निर्माण केला. नागपूरची एक विधवा, तीस संत्र्यांच्या बागा. कर्नलाने मागणी घातली की विधवा चढी मागणी घाली, सोनार मध्येच तोंड घाली, आणि हळूहळू मुकुंदराव त्यात ऐसे रंगले की विधवेने फारच ताणले तेव्हा कर्नलाच्या वतीने त्यांस खरोखर राग आला आणि त्या दिवशी त्यांनी संत्रे खाल्ले नाही. इकडे हेमंतराव कर्नलाच्या स्वागतास पुष्पगुच्छ घेऊन इमारतीखाली उन्हात इतके उभे राहिले की त्यांची सावली कंटाळोन आधी घरी निघोन गेली. हे ऐकोन मुकुंदरावांस परम संतोष जाहला. परंतु ॲप हे निर्बुद्ध, त्यास हेवा कळेना. त्याने पाहिले की या घरास कर्नल मागतो, सोनार मागतो, विधवा मागते, आणि मग त्याने ते घर उचलोन सर्वांच्या माथ्यावर ठेविले, शेजारी ज्वाळा पेटविली आणि लिहिले, या घरास मोठी मागणी. मग अवघे राज्य त्या ज्वाळेभोवती जमले, आणि इतक्या लोकांनी त्या तसबिरी पाहिल्या की नजरांनी दिवाणखान्याचा रंग उडाला आणि घरमालकास भिंत पुन्हा रंगवावी लागली.

ते समयी मुकुंदरावांपाशी एकच गिऱ्हाईक उरले होते. किरण वाघचौरे आणि त्यांच्या पत्नी अश्विनी. लग्न जाहल्यावर यांस भाड्याचे घर मुकुंदरावांनीच मिळवोन दिले, म्हणोन विकत घ्यावयाचे तेही त्यांच्याच हातून घ्यावे ऐसा त्यांचा निश्चय. परंतु घर ठरेना. कारण अश्विनीबाईंनी ॲपात इतकी स्वयंपाकघरे पाहिली की आपल्या भाड्याच्या ओट्याकडे त्या सवतीकडे पाहावे तैसे पाहू लागल्या, आणि जे घर पसंत पडे ते दुसऱ्या दिवशी दुसरे पाहोन नापसंत होई. इकडे इस्त्रीवाल्याने मुकुंदरावांस सांगोन ठेविले होते की काका, तुमचे हे शेवटचे गिऱ्हाईक गेले की कचेरी मला द्या, मला दुसरे टेबल मांडायचे आहे. मुकुंदरावांनी त्यास कबूलही केले होते. म्हणजे वाघचौऱ्यांवर कचेरी आणि कचेरीवर मुकुंदराव, ऐसा तो इमला उभा होता. आणि एके दुपारी वाघचौरे दांपत्य आले, मोबाइल पुढे केला, आणि त्यात ज्वाळा.

अश्विनीबाई बोलिल्या, "काका, हे घर बघायचंय. सगळे ह्याच्याच मागे लागलेत. एक कर्नल तर हटून बसलेत म्हणे." मुकुंदराव बोलिले, "कर्नल काही घेत नाही." "तुम्हाला काय हो माहीत?" "हवा दमट आहे तिथली. कर्नल लोकांना चालत नाही." किरणराव बोलिले, "आमचं ठरलंय काका, तुमच्याशिवाय बघायचं नाही. टेंभेकरांना फोन लावा. ते घरमालकाचे, तुम्ही आमचे. अर्धी दलाली त्यांची, अर्धी तुमची. रीतच आहे की." रीत होतीच. मग मुकुंदरावांनी साडूस फोन लाविला. हेमंतराव बोलिले, "या की भाऊजी, किल्ली वॉचमनकडे ठेवतो. मला यायला जमणार नाही, एका कर्नलला गाठायचंय. मोठा माणूस आहे, पण फोन उचलत नाही." मुकुंदराव बोलिले, "नसेल उचलत."

मग मुकुंदरावांच्या मनात दोन पक्ष उभे राहिले. एक पक्ष म्हणे, अर्धी दलाली मिळेल, कचेरी तगेल, चुपचाप घर दाखवावे. दुसरा पक्ष म्हणे, घर विकले की ॲप त्या दोघांस तारे पुसेल आणि साडूचा अर्धा तारा भरेल. पहिल्या पक्षाने पुष्कळ समजाविले. परंतु दुसऱ्या पक्षास पाचवा तारा डोळ्यांपुढे दिसत होता आणि कोट दिसत होता, आणि मग त्याने पहिल्यास दाराबाहेर घातले. आणि मुकुंदरावांनी निश्चय केला की आयुष्यभर जी विद्या चालविली ती आज उलटी चालवावी.

मग त्या दोघांस त्यांनी कचरा डेपोच्या अंगाने नेले, जवळची वाट असता. शाळा सुटावयाची वेळ साधिली, तेव्हा पोरांच्या लोंढ्यात किरणरावांची एक चप्पल वाहोन गेली ती गेलीच. आधीची दोन वाईट घरे दाखविली नाहीत, सरळ हेच दाखविले. आत शिरताच नाल्याकडची खिडकी सताड उघडली आणि बाजूस सरोन उभे राहिले. नळ फिरवोन दाखविला, नळ खाकरला आणि गप्प जाहला. कपाट सरकावोन त्यामागची ओल दाखविली, फरशीवर टाच आपटोन पोकळ वाजते ते ऐकविले. वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास होता, तेथे जाऊन मास्तरांस विनंती केली की जरा जोरात होऊ द्या, आणि मास्तरांनी ऐसा त्रिताल धरिला की ओट्यावरचे पातेले सम गाठोन खाली आले. वाघचौरे दांपत्य सर्व निरखोन पाहत होते. मुकुंदरावांस वाटले, फत्ते जाहली.

तेव्हा अश्विनीबाई बोलिल्या, "काका, अजून काय वाईट आहे?" मुकुंदराव बोलिले, "पार्किंगला खांब आहे. गाडी लावली की डावीकडचं दार उघडत नाही." "अजून?" "खालचे गृहस्थ सुके बोंबील भाजतात. शुक्रवारी." "अजून?" मुकुंदरावांनी बहुत विचार केला, पाठ खाजविली, छताकडे पाहिले. "नाही. एवढंच." मग अश्विनीबाई भिंतीस टेकोन बसल्या आणि बोलिल्या, "मग घेऊया. बोंबील आमच्याकडेही होतात." मुकुंदराव बोलिले, "अहो, पण ओल आहे." त्या बोलिल्या, "आहे ना. दिसली. मोबाइलवर एवढी घरं बघितली, काका, कुठल्याच घराला काही झालेलं नव्हतं. सगळी गोरीपान. मला रोज वाटायचं, आपण घेऊ आणि मग कळेल. ह्या घराचं जे कळायचं ते कळून चुकलं. आता भ्यायचं कशाला?" आणि किरणराव एका पायात चप्पल घालोन घरभर फिरले आणि पलंग कोठे ठेवावा ते पाहू लागले.

मग करार जाहला, नोंदणी जाहली, अर्धी दलाली मुकुंदरावांच्या हाती आली, इस्त्रीवाल्याने तोंड वाकडे करोन आपले दुसरे टेबल फळीवर टाकिले, कचेरी वाचली. आणि ॲपाने वाघचौऱ्यांस पुसिले, अनुभव कैसा होता? अश्विनीबाई भल्या बाई. त्यांनी जेवण बाजूस ठेवोन मनापासून लिहिले, पाच तारे दिले आणि पाठविले. परंतु घर हेमंतरावांच्या नावे मांडिलेले, म्हणोन ॲपाने ती स्तुती उचलोन कोटवाल्या तसबिरीखाली चिकटविली. बाईंस पत्ताही नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुकुंदराव जेवावयास बसले असता शैलाबाई मोबाइल घेऊन समोर बसल्या आणि वाचू लागल्या.

"ऐका तरी. 'असा प्रामाणिक माणूस आम्ही या धंद्यात पाहिला नाही. स्वतःहून कपाट सरकवून ओल दाखवली. नाल्याची खिडकी आधी उघडली. दलाल असावा तर असा.' बघा, हेमंतरावांचा पाचवा तारा भरला. वंदीचा सकाळपासून दोनदा फोन." मुकुंदरावांचा घास हातातच राहिला. ते बोलिले, "ती ओल मी दाखवली." शैलाबाई बोलिल्या, "कोणी?" "मी. कपाट मी सरकवलं. पाठ धरलीय अजून." शैलाबाईंनी मोबाइल खाली ठेविला, यजमानांकडे नीट पाहिले आणि बोलिल्या, "अहो, आपल्या लग्नाआधी तुमच्या घरचं छप्पर गळत होतं, ते तुम्ही मला वरात दारात आल्यावर सांगितलंत. तुम्ही ओल दाखवाल? काहीतरी बोलू नका. आमटी वाढू?" मुकुंदराव बोलिले, "वाढ." मग त्यांनी वाघचौऱ्यांस फोन लाविला, बाई हळहळल्या आणि म्हणाल्या काका आत्ता बदलते. परंतु ॲप म्हणाले, एकदा दिलेला तारा परत होत नाही, आणि मुकुंदरावांच्या नावापुढे ते करडे बुजगावणे तैसेच बसोन राहिले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. आता थोडक्यात सारांश. घर घेणारांस घर मिळाले, दलालांस दलाली मिळाली, ॲपास दोघांकडून मिळाले. आणि मुकुंदराव त्याच सायंकाळी पेढे घेऊन साडूच्या घरी गेले, हेमंतरावांस मिठी मारिली, आणि सद्गदित होऊन बोलिले की हेमंतराव, तुमचा तारा तो माझाच तारा, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मनी हेव्याचा लवलेशही न उरोन ते सुखी...

इतक्यात कोपऱ्यात मेथी निवडीत बसलेल्या गोदाआक्का मान वर न करता बोलिल्या, "खोटं. मला दोन जावई आहेत."